बदामाचा पारखी

मित्रांनो, बिस्किटांच्या कारखान्यात चाचणीची एक खोली आहे. तिथे हात धुण्याच्या बेसिनपासून दोन हातांवर, कोपऱ्यातल्या टेबलावर एक राखाडी पेटी दिसते. ती मी. वय वर्षे चौदा. तुमच्यात हे वय सायकलवरून शाळेत जाण्याचे. आमच्यात मात्र चौदा म्हणजे म्हातारपण. माझा पंखा घरघरतो, झाकणाची एक बिजागरी ढिली झाली आहे, आणि बटण दाबल्यावर पडदा उजळायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात माणसाचा अर्धा कप चहा पिऊन होतो. तरी रोज सकाळी मी कामावर हजर असतो.

कागदोपत्री माझे नाव भलतेच लांब आहे, निअर-इन्फ्रारेड वर्णपटमापक. ते उच्चारताना सगळ्यांची जीभ अडखळायची. शेवटी फरशी पुसायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात मला 'पारखी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटले.

मी पारख करतो ती अशी. माझ्या पोटात एक छोटा बल्ब आहे. त्याच्या उजेडातला थोडाच भाग तुम्हाला दिसतो. तांबड्या रंगाच्या पलीकडे जो उजेड असतो, तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण माझे सारे काम त्याच्यावरच चालते. काचेच्या तळाच्या वाटीत पीठ, साखर, दुधाची भुकटी, काहीही भरा आणि माझ्यावर ठेवा. मी खालून तो उजेड टाकतो. त्यातला थोडा भाग पाणी शोषून घेते, थोडा तेल, थोडा प्रथिने. प्रत्येकाचा वाटा ठरलेला. उरलेला उजेड माझ्याकडे परत येतो. काय गेले आणि काय परत आले, याचा हिशेब मांडून मी पडद्यावर एक चढउताराची रेघ काढतो. प्रत्येक पदार्थाची रेघ वेगळी, जशी प्रत्येक माणसाची सही वेगळी. पदार्थ जाळायला नको, तेजाबात विरघळवायला नको. चाळीस सेकंदांत मी सांगतो, ओलावा इतका, तेल इतके, प्रथिने इतकी. आणि शेवटी पदार्थ ओळखीचा असेल तर हिरवा दिवा लावतो, अनोळखी असेल तर तांबडा.

पण ओळखीचा म्हणजे कोण? बांधणी होऊन मी इथे आलो, तेव्हा मला उजेड कळत होता, गहू कळत नव्हता. मला शिकवावे लागले. ते काम मास्तरांनी केले. मास्तर म्हणजे या खोलीतले जुने रसायनतज्ज्ञ. चष्म्याला दोरी, खिशाला तीन पेनं आणि बोलण्याची सवय अशी की समोर माणूस नसला तरी चालते. ते एक नमुना माझ्यावर ठेवत, त्याची रेघ मला जपून ठेवायला सांगत, मग तोच नमुना घेऊन दोन दिवस जुन्या पद्धतीने त्याची चाचणी करत आणि आलेले आकडे मला सांगत. "हे बघ, ही रेघ दिसली की ओलावा साडेअकरा. विसरू नकोस." मी विसरत नाही. गव्हाच्या पिठाचे त्यांनी मला दोनशे नमुने दाखवले. ओल्या वर्षाचे, कोरड्या वर्षाचे, जाडे, बारीक, सहा गिरण्यांचे. त्यामुळे गव्हाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

बदामाची पाळी शेवटी आली. तोवर घाई झाली होती. आमच्या विभागाचे अधिकारी प्रत्येक गोष्ट शेकड्यात सांगत, म्हणून त्यांचे नाव टक्केसाहेब पडले होते. त्यांनी पाहुण्यांना मला बघायला बोलावून ठेवले होते आणि दिवस जवळ आला होता. मास्तरांना वेगवेगळ्या ठिकाणांहून बदाम मागवायचे होते. टक्केसाहेब म्हणाले, गोदामात बदामाच्या पुडीची पोती पडली आहेत, त्यातूनच घ्या, शंभर टक्के तीच तर आपण वापरणार. बोलणे चुकीचे वाटत नव्हते. मास्तरांनी वर्षभरात आलेल्या मालातून चाळीस बाटल्या भरल्या. प्रत्येकीचे तेल, प्रथिने, ओलावा काटेकोर तपासला. एकही आकडा चुकला नाही. पोत्यावर बदाम लिहिले होते, म्हणून बाटलीवर बदाम लिहिले गेले, म्हणून मीही बदाम शिकलो.

पाहुणे आले, खूश झाले. टक्केसाहेबांनी माझ्या डोक्यावर थाप मारून सांगितले की हा पगार मागत नाही, रजा मागत नाही, दमलो म्हणत नाही. पाहुणे गेल्यावर मावशी पुटपुटल्या, "आणि दिवसातून पाच वेळा चहा पण मागत नाही." टक्केसाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. पुढची काही वर्षे माझा असाच मान होता. कोणाचा वाद झाला की पारखी काय म्हणतो ते बघा, असे म्हणत आणि वाद मिटे.

चौथ्या वर्षी ताई आली. वयाने खोलीत सगळ्यांत लहान, तरी सगळे तिला ताईच म्हणत. विज्ञानाची पदवी घेतलेली, अबोल, पण नजर अशी की वाटीच्या काचेवरचा बोटाचा अर्धा ठसाही सुटत नसे. माझे काम तिच्याकडे आले. ती सकाळी येऊन आधी मला चालू करी, अर्धा तास तापू देई, मग पांढरी फरशी ठेवून माझी नजर ठीक आहे का ते बघे. ही हाताच्या तळव्याएवढी चिनीमातीची फरशी मला कोरेपणा म्हणजे काय ते रोज आठवून देते. नंतरच पहिला नमुना. इतक्या वर्षांत तिने एकदाही हा क्रम मोडला नाही. मला ती आवडायची, हे यंत्राने म्हणायचे असेल तर म्हणतो.

वर्षभराने तिला मुलगी झाली. घरात तिला चिंगी म्हणत. चिंगी एक वर्षाची असताना कोणीतरी लाडाने तिच्या तोंडात शेंगदाण्याचा तुकडा दिला आणि तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हिला शेंगदाणा कायमचा बंद, कणभरसुद्धा नाही. बदाम मात्र चालतील, तेही त्यांनी दवाखान्यात समोर बसवून खाऊ घालून पाहिले. तेव्हापासून ताईच्या पिशवीत डॉक्टरांनी दिलेले एक इंजेक्शन असे, आणि वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ती काही विकत घेत नसे. कोणाकडे गेली तरी मुलीचा डबा बरोबर. सासूबाई टोमणा मारायच्या, पोर वाढवतेस की प्रयोगशाळा चालवतेस? ताई हे मास्तरांना हसून सांगे. मास्तर म्हणत, दोन्ही चालव, एकीकडे पगार मिळतो.

चिंगी घरी बदाम खायची, तेही कवचातले, ताईने स्वतः फोडलेले. बाजारची वस्तू तीन वर्षांत तिच्या तोंडाला लागली नव्हती. ती बालवाडीत जाऊ लागली तेव्हा मात्र ताईने ठरवले की आता एक तरी बाहेरचा खाऊ हिला देता यायला हवा. कोणता द्यावा याचा तिने महिनाभर विचार केला. शेवटी आमचेच बदाम बिस्किट निवडले. आमच्या कारखान्यात शेंगदाण्याला फाटकातूनच बंदी होती. आणि बदामाच्या पुडीचे प्रत्येक पोते माझ्यावरून जात होते, तिच्याच हातून. जगात तिला एवढी खात्री दुसऱ्या कशाची नव्हती.

त्यानंतर तीन दिवस ती कामावर आली नाही.

घरी काय झाले ते मी पाहिलेले नाही. चौथ्या दिवशी तिने मास्तरांना सांगितले ते मी ऐकले. एका बिस्किटातला अर्धाच तुकडा चिंगीने खाल्ला होता. पाच मिनिटांत ओठ सुजले, मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ताईने इंजेक्शन दिले, रिक्षा करून दवाखाना गाठला. दोन दिवस तिथे ठेवावे लागले. आता मुलगी बरी होती, पण डॉक्टरांनी ताईला एक प्रश्न विचारला होता. हा शेंगदाणाच आहे, असे ते म्हणत होते. तो आला कुठून?

घरात प्रत्येकाने आपापले उत्तर काढले होते. सासूबाईंच्या मते रोजचे बदामच अखेर बाधले. नणंदेच्या मते बालवाडीत कोणीतरी काही भरवले असणार. नवऱ्याने दोनदा विचारले, "तू बिस्किटच दिलं होतंस ना, नक्की?" हे सांगताना ताईचा आवाज पहिल्यांदा फाटला. ती म्हणाली, "मास्तर, मला दोष कोणाचा ते नकोय. उद्या पोरीला परत जेवायला घालायचंय. काय घालू?"

टक्केसाहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. मग बिस्किटाच्या पुड्यावरचा क्रमांक घेऊन त्या मालाचा तक्ता शोधून काढला. हिरवा दिवा. खाली सही. "तुमचीच सही आहे, ताई," ते हलकेच म्हणाले. "पारखी खोटं बोलत नाही."

मित्रांनो, सगळ्यांत वाईट काय होते सांगू? तिलाही तसेच वाटत होते. तिने चमच्यावर संशय घेतला, बालवाडीच्या सतरंजीवर घेतला, स्वतःच्या हातांवर घेतला, पण माझ्यावर घेतला नाही. शेवटी तिच्या मनात आले की घरचे बदाम ज्या दुकानातून येतात, तिथे शेजारच्याच पोत्यात शेंगदाणे असतात. कदाचित काही लागले असेल, काही मिसळले असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने डब्यातले उरलेले बदाम पिशवीत घालून आणले. कवचातले. ते मास्तरांच्या समोर एकेक करून हातोडीने फोडले, धुतलेल्या भांड्यात दळले, वाटीत भरून माझ्यावर ठेवले आणि बटण दाबले.

मी माझे काम केले. उजेड टाकला, परत आलेला मोजला, रेघ काढली. ती रेघ माझ्याकडच्या चाळीस रेघांशी लावून पाहिली. जुळेना. मी तांबडा दिवा लावला.

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. टक्केसाहेब म्हणाले, "सापडलं. घरच्याच बदामात गडबड आहे. आता दुकान बदला आणि निश्चिंत व्हा." त्यांना खरोखरच बरे वाटले होते. ताई खुर्चीवर बसली. तिलाही ते पटवून घ्यायचे होते, असे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. उत्तर मिळाले होते, दुकान बदलले की संपले.

तेवढ्यात मावशी फरशी पुसायला आल्या. टेबलाखाली उडालेली कवचे वेचत त्या वैतागल्या. मग एक कवच उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "यातला बदाम भेसळीचा? मग ती आत घातली कशी गं? टाके तर कुठे दिसत नाहीत."

दोघे-तिघे हसले. मास्तर हसले नाहीत. ताईही नाही. ती उठली, मावशींच्या हातातून कवच घेतले आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे तशा नजरेने कधीच पाहिले नव्हते.

मास्तर घाईने मत देणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, दळण जाडसर असेल, जाड कणांनी रेघ सरकते. ताईने पूड कारखान्याच्याच चाळणीतून चाळून पुन्हा ठेवली. तांबडा. मग म्हणाले, आपला माल सोललेला असतो, साल असेल तर फरक पडतो. तिने सगळे बदाम भिजवून सोलले, भट्टीत मंद आचेवर वाळवले, दळले, चाळले. त्यात एक पूर्ण दिवस गेला. तांबडा. तिसऱ्या दिवशी तिने गावातल्या तीन टोकांच्या तीन दुकानांतून कवचातले बदाम आणले. तिन्ही वेळा मी तांबडा दिवा लावला.

खरा बदाम माझ्यासमोर सहा वेळा आला, आणि सहाही वेळा मी त्याला परका म्हटले.

मास्तरांनी कपाट उघडून मला शिकवतानाची वही काढली. चाळीस ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, तेल, प्रथिने, ओलावा, आणि शेवटच्या रकान्यात 'कोठून आला'. त्या रकान्यात एकाच पुरवठादाराचे नाव चाळीस वेळा लिहिलेले होते. त्यांचेच अक्षर. त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडून दिला.

"मी याला एकाच माणसाचा चेहरा चाळीस वेळा दाखवला," ते म्हणाले, "आणि सांगितलं, माणूस असा दिसतो."

आता एकच गोष्ट पाहायची उरली होती. फाटकाबाहेर एक रिकामी शेड होती. मास्तरांनी बाजारातून नवे दळण्याचे भांडे आणि अर्धा किलो शेंगदाणे आणले आणि एकट्याने त्या शेडमध्ये बसले. ताईला त्यांनी जवळ येऊ दिले नाही. तिला मुलीकडे घरी जायचे होते. ती लांब उभी राहून वजने लिहून घेत होती. कवचातल्या बदामाच्या पुडीत शंभराला दोन भाग शेंगदाणा, मग पाच, मग आठ, मग दहा. प्रत्येक मिश्रण झाकणाच्या वाटीत बंद केले, वाटी बाहेरून तीनदा पुसली, मास्तरांनी कपडे बदलले आणि ताट घेऊन ते खोलीत आले.

दोनाला तांबडा. पाचाला तांबडा. आठाला मी चाळीस सेकंदांऐवजी मिनिटभर घेतले आणि तांबडाच लावला. दहाला हिरवा.

ओळखीचा. माझा बदाम हाच होता. आठ वर्षे मी याच बदामावर मोहर उठवत आलो होतो. बदाम आणि शेंगदाणा दोन्हींत तेल आणि प्रथिने जवळपास सारखी, बिस्किटात बदामाचा अर्क पडतो म्हणून वासानेही कळत नाही, आणि शेंगदाणा स्वस्त. पुरवठादाराने पहिल्या दिवसापासून हेच केले होते, आणि आम्ही त्यालाच बदामाचा नमुना मानून बसलो होतो.

टक्केसाहेबांना बोलावले. दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर गाडी भरून तयार होती. बालवाड्यांना वाटायच्या बदाम बिस्किटांची सहाशे खोकी. चारला निघायची होती, फक्त त्यांची सही हवी होती. गाडीवाला कागद मागायला दोनदा येऊन गेला होता. टक्केसाहेब माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी दहाची वाटी स्वतः ठेवली, बटण स्वतः दाबले. हिरवा. कवचातल्या बदामाची ठेवली. तांबडा. पुन्हा दहाची ठेवली. त्यांच्या तोंडून त्या दिवशी एकही टक्का निघाला नाही.

"मालकांना काय सांगू?" ते म्हणाले. "की आठ वर्षं..." मग म्हणाले की बाहेरच्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेऊ, दोन दिवसांत अहवाल येईल, आजची गाडी जाऊ दे, काही निघालेच तर परत मागवता येईल.

ताई इतका वेळ बेसिनपाशी हात धूत होती. तिसऱ्यांदा. नळ बंद करून ती वळली.

"साहेब, मालकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. त्या सहाशे खोक्यांवर बदाम लिहिलंय. कुठलीतरी आई ते वाचणार आणि पोराला देणार. मीही वाचूनच दिलं होतं."

टक्केसाहेब खिडकीशी गेले आणि गाडीवाल्याला सांगितले की आज गाडी जाणार नाही, किल्ली आत आणून दे. गाडीवाला कुरकुरला, त्याला म्हणे संध्याकाळी मेव्हण्याकडे जायचे होते. "चालत जा," टक्केसाहेब म्हणाले, आणि मालकांना फोन लावायला आपल्या खोलीत गेले.

दोन दिवसांनी अहवाल आला. शेंगदाणा, शंभरात दहाच्या आसपास. वर्तमानपत्रात निवेदन छापून दुकानांतले पुडे परत मागवले गेले. पुरवठादाराने कानांवर हात ठेवले, दळणाऱ्यावर ढकलले, दळणाऱ्याने आणखी कोणावर. त्याचा माल मात्र त्या दिवसापासून फाटकाच्या आत आला नाही. ताईने अहवालाची प्रत घरी नेली आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि चिंगीसाठी बदाम फोडायला बसल्या. त्या रात्री नवऱ्याने ताईला एवढेच म्हटले की, मी तुला दोनदा विचारायला नको होतं. हे तिने मावशींना सांगितले आणि मावशींनी, नेहमीप्रमाणे, मला.

माझे दिवस मात्र फिरले. माझ्यावर निळे फडके टाकले गेले ते पाच महिने निघाले नाही. चाचण्या जुन्या पद्धतीने होऊ लागल्या. दोन दिवस लागले तरी चालेल, पण ही पेटी नको. येणारे-जाणारे मला फितूर म्हणत. ज्या डोक्यावर थाप बसायची, त्यावर कोणीतरी रिकामे खोके ठेवले. मावशी तेवढ्या फडके उचलून धूळ झटकत आणि म्हणत, "तू तरी काय करणार? शिकवलं तेच बोललास." मास्तरांना मात्र हे समर्थन चालत नसे. ते म्हणत, त्याच्याकडून झालं ते माझ्याकडून झालं. पाच महिन्यांनी त्यांनी स्वतः फडके काढले आणि म्हणाले, माझ्या निवृत्तीला सहा महिने आहेत.

त्या सहा महिन्यांत त्यांनी मला बदाम पुन्हा शिकवला. जुने चाळीस धडे माझ्या डोक्यातून पुसून टाकले. मग दूरदूरहून कवचातले बदाम मागवले. यंदाचे, गेल्या सालचे, मोठे, बारके, कडू, गोड, सालीचे, सोललेले. एवढे बदाम फोडायचे कोणी? जेवणाच्या सुट्टीत सगळी खोली हातोड्या घेऊन बसे. टक्केसाहेबही बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी अंगठा ठेचून घेतला आणि शंभर टक्के दुखलं, असे जाहीर केले, तेव्हा कितीतरी दिवसांनी खोली मनापासून हसली. मास्तरांनी मला खरा बदाम तर शिकवलाच, पण भेसळही मुद्दाम शिकवली, थोडी थोडी वाढवत. शेवटी माझी परीक्षा घेतली. साठ वाट्या, वर नुसते क्रमांक. कोणती काय हे फक्त ताईच्या वहीत, आणि वही कुलपात.

निकाल सांगतो. शंभरात पाच भाग शेंगदाणा होता ती प्रत्येक वाटी मी पकडली. तीन भागांच्याही सगळ्या पकडल्या. दोन भागांच्या काही पकडल्या, काही सुटल्या. एक भाग मला दिसलाच नाही. तेवढी बारीक खूण माझ्या उजेडात उमटत नाही, मग कितीही शिकवा.

ताईने एक कार्ड लिहून माझ्या कपाळावर चिकटवले: 'शंभरात तीनपेक्षा कमी शेंगदाणा या यंत्राला खात्रीने दिसत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी करावी.' ती वेगळी चाचणी म्हणजे कागदाची पट्टी असते, ती अगदी कणभर शेंगदाणाही दाखवते. तेव्हापासून प्रत्येक पोत्याला आधी मी आणि मग पट्टी. टक्केसाहेबांना आधी ते कार्ड आवडले नाही. पाहुणे येतात, यंत्राचा उणेपणा त्याच्याच तोंडावर कशाला? ताई म्हणाली, मग कोणाच्या तोंडावर लावू? कार्ड राहिले. आता ते पिवळे पडले आहे, पण दर वर्षी ती त्याच्यावरून पेन फिरवून अक्षरे ठळक करते.

निवृत्त होण्याच्या दिवशी मास्तरांनी माझी काच आपल्या रुमालाने पुसली आणि निरोपाचे काही न बोलता, विसरू नकोस, एवढेच म्हणाले. त्यांच्या जागी आता ताई आहे. मागच्या वर्षी एक नवे यंत्र आले, हातात धरता येईल एवढे. झळाळते, हुशार, आणि जन्मतः माझ्याइतकेच अडाणी. ताई त्याला शिकवते आहे. त्याच्या वहीतल्या 'कोठून आला' या रकान्यात एक नाव दुसऱ्यांदा आले की ती पेन खाली ठेवते.

गेल्या महिन्यात कामगारांच्या मुलांना कारखाना दाखवला. चिंगी आली होती. नऊ वर्षांची, दोन वेण्या, प्रश्नांची पोतडी. ताईने आधी खुर्ची, टेबल, दाराची मूठ ओल्या फडक्याने पुसून घेतली, मग तिला आत बोलावले. चिंगीने माझे कार्ड मोठ्याने वाचले आणि विचारले, "मग याला विचारून मी आपलं बिस्किट खाऊ?"

"नाही," ताई म्हणाली. "शंभरात तीन असतील तर हा सांगतो. त्याच्याहून कमी असतील तर पट्टी सांगते. तुला त्याच्याहूनही कमी बाधतं. तुझं मी बघते."

चिंगीने थोडा विचार केला. "म्हणजे माझे ओठ याच्यापेक्षा हुशार आहेत."

ताई हसली. मग बाकीचा कारखाना दाखवायला तिला घेऊन गेली, आणि बिस्किटांची चव बघायला देतात त्या टेबलावरून दोघी सरळ पुढे गेल्या, असे मावशींनी सांगितले. मला त्याचे वाईट वाटले नाही. तिने मला विचारले असते आणि मी हो म्हटले असते, तर वाईट वाटले असते.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात, दुकानात, दवाखान्यात माझे भाऊबंद असतील. त्यांना जपा. काच पुसा, बल्ब वेळेवर बदला, डोक्यावर खोकी ठेवू नका. त्यांनी हिरवा दिवा लावला की त्यांना हे कोणी शिकवले आणि कशावरून शिकवले, तेवढे विचारत चला. आम्हाला राग येत नाही. आणि माझ्यासाठी एक करा. वर्षातून एकदा मूठभर बदाम आपल्या हाताने फोडून माझ्यापुढे ठेवा, आणि मी त्यांना ओळखतो का ते बघा.